मागच्या दाराने

आमची आत्या दिवाळी अंक मागून वाचते. आधी राशिभविष्य, मग जाहिराती, मग पाककृती असल्या तर त्या, आणि एवढ्याने डोळे शिणले नाहीत तर कथा-कविता. भाच्याचे नाव अनुक्रमणिकेत असले तरी हा क्रम बदलत नाही. पूर्वी मला याचा राग येई. आता येत नाही. एक तर जाहिराती नसत्या तर अंकच निघाला नसता, हे एका संपादकांनी मला चहा पाजून नीट समजावून दिले आहे. दुसरे असे, की आत्या ज्या बारकाईने जाहिरात वाचते त्या बारकाईने माझी एकही कादंबरी कुणी वाचल्याचे मला स्मरत नाही. एखादी ओळ खटकली की ती चष्मा कपाळावर सारते आणि विचारते, "अरे, हे कोण बोलतंय रे?" पुष्कळ समीक्षकांना जन्मभर जो प्रश्न सुचत नाही तो आत्याला बसल्या जागी सुचतो.

तो प्रश्न मनात ठेवून मी यंदा तीन इंग्रजी पुस्तके वाचली. ती मी विकत घेतलेली नाहीत. माझा एक जुना विद्यार्थी गणपतीत भेटायला आला होता, त्याने ती ठेवून दिली. तो जाहिरातींचा मजकूर लिहितो. मुंबईत दोन एजन्सी झाल्या, मग दुबईत चार वर्षे झाली, आणि आता त्याला सिंगापूरहून बोलावणे आले होते. मोदक खाता खाता म्हणाला, "सर, आमच्या धंद्यात या माणसाला देव मानतात. तुम्ही वाचा आणि सांगा, खरंच एवढा मोठा आहे का." त्याला विचारायचे होते ते दुसरेच, हे न कळण्याइतका मी नवखा मास्तर नाही. निघताना चपला घालता घालता त्याने ते विचारलेच : "तिकडे गेलो, सर, की मराठी राहू द्या, हिंदीसुद्धा लिहायला मिळायची नाही. जाऊ का?" पुढचा सगळा लेख म्हणजे त्या प्रश्नाला उत्तर देण्याची माझी खटपट आहे.

हा देव म्हणजे डेव्हिड ऑगिल्वी. जन्म १९११, इंग्लंडमधल्या सरे परगण्यात. वडील स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले, ग्रीक-लॅटिनचे जाणकार आणि व्यापारात बुडालेले. शिष्यवृत्तीवर मुलगा ऑक्सफर्डला गेला आणि १९३१ साली पदवी न घेता बाहेर पडला. तिथून पॅरिस. हॉटेल मॅजेस्टिकच्या मुदपाकखान्यात उमेदवार आचारी. मग स्कॉटलंडात दारोदार चुली विकणे, लंडनच्या जाहिरात कंपनीत नोकरी, १९३८ साली अमेरिका, गॅलपच्या संस्थेत लोकमताच्या पाहण्या, महायुद्धात ब्रिटिश हेरखात्याचे आणि वॉशिंग्टनच्या वकिलातीचे काम, युद्ध संपल्यावर पेन्सिल्व्हेनियात आमिश लोकांच्या शेजारी तंबाखूची शेती. आणि एवढा सगळा फेरफटका झाल्यावर १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये स्वतःची जाहिरात कंपनी. आपल्याकडे अशा माणसाला "एक ना धड भाराभर चिंध्या" म्हणतात आणि त्याला मुलगी देत नाहीत.

पुस्तके तीन. पहिले 'कन्फेशन्स ऑफ ॲन ॲडव्हर्टायझिंग मॅन', १९६३ सालचे. दुसरे 'ब्लड, ब्रेन्स अँड बिअर' हे आत्मचरित्र, १९७८ सालचे. तिसरे १९८३ सालचे 'ऑगिल्वी ऑन ॲडव्हर्टायझिंग', चित्रांनी भरलेले, जाडजूड. पहिले पुस्तक जगभर दहा लाखांहून अधिक खपले. स्वतः लेखकाची अपेक्षा चार हजारांची होती आणि हक्क त्याने मुलाला एकविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून देऊन टाकले होते. मराठी लेखकाने ही हकीकत शक्यतो रिकाम्या पोटी वाचू नये.

पण माझ्या मते ऑगिल्वीचे सर्वांत चांगले लेखन या तिन्ही पुस्तकांच्या आधीचे आहे. ते पुस्तक म्हणून लिहिलेलेच नाही. १९३५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, चूल विकणाऱ्या आपल्या सोबत्यांसाठी त्याने एक पुस्तिका तयार केली. चुलीचे नाव आगा. ती गुस्ताफ दालेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने काढलेली. नोबेल मिळालेला आणि अपघातात दृष्टी गेलेला माणूस. ओतीव लोखंडाची, दिवसरात्र धुमसत राहणारी, महाग आणि अवजड अशी ही चूल दारोदार जाऊन विकायची. ऑगिल्वीने सोबत्यांना काय सांगितले? कपडे भपकेदार नकोत, दाढी नीट केलेली असावी, गोल टोपी घालू नये, आणि पुढच्या दाराने जाऊ नये. मागच्या दाराने जावे. बाकीचे विक्रेते पुढची घंटा वाजवतात. त्याचा राग मोलकरणीलाही येतो आणि मालकिणीलाही. मागच्या दाराशी स्वयंपाकीण भेटते. चूल तिच्या राज्यातली. तिला दुखावले तर मालकीण राजी असूनही सौदा फिसकटतो.

आगा विकायची तर पिछाडीने जा, असा हा मंत्र आहे, आणि यात मला त्या माणसाचे सगळे मर्म दिसते. 'मागच्या दाराने' याचा आपल्या बोलीतला अर्थ काही चांगला नाही. वशिला, लबाडी, चोरवाट असे त्यात येते. पण जुन्या वाड्यांत राहिलेल्यांना ठाऊक आहे की, घराचे खरे चालते ते मागल्या दारी. पुढच्या ओसरीवर पाहुणे बसतात. मागे भांडी घासली जातात, भाजीवाली येते, उधारउसनवार होते, आणि कुणाच्या घरात काय शिजते याची सगळी बातमी तिथेच कळते. चोवीस वर्षांच्या पोराला हे कळले होते. पुस्तिकेतली वाक्ये आखूड आहेत, आणि प्रत्येक वाक्यासमोर एक माणूस उभा आहे : भांडणारी स्वयंपाकीण, कंजूष गृहस्थ, दारातच नकार देणारी बाई. 'फॉर्च्यून' मासिकाने पुढे या पुस्तिकेला तिच्या जातीतले सर्वोत्तम लेखन म्हटले. कादंबरीच्या धंद्यातला माणूस म्हणून मी एवढीच पुस्ती जोडतो, की यातली माणसे आत्मचरित्रातल्या माणसांहून जिवंत आहेत.

हे ज्ञान तो कुठून घेऊन आला? पॅरिसच्या त्या मुदपाकखान्यातून, असे मी धरून चालतो. 'कन्फेशन्स'चे पहिले प्रकरण त्याच जागी सुरू होते आणि तेच त्या पुस्तकातले सर्वोत्तम आहे. सदतीस आचारी, आठवड्याचे त्रेसष्ट तास काम, आणि डोक्यावर पितार नावाचा भयंकर मुख्य आचारी. पाव सरळ फुगवता न येणाऱ्या एका आचाऱ्याला पितार कामावरून काढून टाकतो, आणि बाकीचे सगळे आपण जगातल्या सर्वोत्तम मुदपाकखान्यात आहोत या अभिमानाने छाती फुगवतात. ऑगिल्वी हे सांगतो ते जाहिरात कंपनी कशी चालवावी याचा दाखला म्हणून. मी मात्र वाचताना धडा विसरलो आणि त्या काढून टाकलेल्या आचाऱ्याच्या मागे गेलो. तो त्या दिवशी घरी जाऊन काय म्हणाला असेल? ऑगिल्वीने ते विचारलेले नाही. धडा मिळाला, की माणसाची गरज संपली. ही खोड पुढे वाढत गेलेली दिसते.

आता आत्मचरित्राबद्दल. नावातले रक्त, मेंदू आणि बिअर यांचा उलगडा असा की, पोर बळकट आणि बुद्धिमान व्हावे म्हणून वडील त्याला लहानपणी रोज पेलाभर कच्चे रक्त पाजत, आणि वासराचा मेंदू खायला घालून वर बिअर देत. दिवाळीच्या फराळावर हे वर्णन नको असेल तर वाचकांनी क्षमा करावी. पण पुस्तकाची चव अशीच आहे. एक चमत्कारिक किस्सा, की लगेच दुसरा. प्रत्येक किश्श्यात ऑगिल्वी विक्षिप्त, धाडसी आणि शेवटी विजयी. ज्या भावाने त्याच्यासाठी दार उघडले त्याची आठवण मात्र हवी तितकी जाड रेघेने काढलेली नाही.

त्या भावाचे नाव फ्रान्सिस. लंडनच्या मॅथर अँड क्रॉदर या जाहिरात कंपनीत तो मोठ्या जागेवर होता. चुलीची ती पुस्तिका त्याने वरिष्ठांना दाखवली आणि डेव्हिडला नोकरी मिळाली. त्याच कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवले. १९४८ साली न्यूयॉर्कची कंपनी निघाली तीही मॅथर अँड क्रॉदर आणि एस. एच. बेन्सन या दोन लंडनच्या कंपन्यांच्या पाठबळावर. ऑगिल्वीचे एक टिपण धंद्यात फार प्रसिद्ध आहे. त्यात तो स्वतःबद्दल तिऱ्हाईत बनून लिहितो : अडतीस वर्षांचा बेकार, कॉलेज सोडलेला, आचारी-विक्रेता-शेतकरी असे सगळे करून पाहिलेला, जाहिरातीचा एक शब्द न लिहिलेला, अशा माणसाला कोण नोकरी देईल? आणि मग, पाहा, हाच माणूस तीन वर्षांत जगप्रसिद्ध झाला! टिपण झकास आहे. फक्त लंडनची ती मधली वर्षे त्यातून गळाली आहेत, आणि १९११ मधून १९४८ पर्यंतचा हिशेब केला तर वयही थोडे फुगलेले निघते. पराक्रम मोठा दिसावा म्हणून उतारवयाला आणखी उतार दिला आहे.

हे मी खोडी काढण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. कॉलेज सोडून मोठे झालेल्यांच्या कथा आमच्यासारख्यांना फार ऐकवल्या जातात आणि आम्ही त्या भाबडेपणाने वर्गात मुलांना ऐकवतो. पण ऑक्सफर्ड सोडणे आणि तालुक्याच्या गावी फी भरता न आल्याने शाळा सोडणे यांत फरक आहे. ऑक्सफर्ड सोडणाऱ्याला जाताना भाऊ असतो. ऑगिल्वीने भावाचे ऋण ठळक लिहिले असते तर त्याचे कर्तृत्व तसूभरही घटले नसते, कारण मागच्या दाराने आत घेतले गेलेले शेकडो धाकटे भाऊ आतच बसून राहतात. जाहिरातवाल्याने आत्मचरित्र लिहिताना तरी जाहिरात बाजूला ठेवावी, एवढीच माझी तक्रार आहे. आत्याचा प्रश्न मी इथे विचारला. हे कोण बोलतंय? उत्तर आले : कंपनीचा प्रतिनिधी बोलतोय.

असो. गॅलपकडची वर्षे मात्र मला अधिक मोलाची वाटतात. प्रिन्स्टनला बसून तो हॉलिवुडसाठी प्रेक्षकांचे मन अजमावीत असे. चारशेहून अधिक पाहण्या केल्याचे तो सांगतो. परदेशी माणसाला त्या देशाची नाडी सापडण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाही. जन्मजात अमेरिकन माणूस आपल्या लोकांना न विचारता गृहीत धरतो. या परक्याला विचारणे भाग होते आणि त्यातून त्याला विचारण्याची सवय लागली. ती सवय त्याच्या भाषेपर्यंत पोचली. एका जाहिरातीच्या मथळ्यात त्याने 'ऑब्सोलीट' हा शब्द वापरला आणि मागाहून कळले, की शंभरातल्या त्रेचाळीस गृहिणींना त्याचा अर्थच ठाऊक नाही. दुसऱ्या एका मथळ्यात 'इनेफेबल' हा शब्द घातला, तेव्हा असे ध्यानात आले की तो आपल्यालाही कळत नाही. हे वाचले तेव्हा त्या माणसाबद्दल मला प्रथमच माया वाटली.

मीही पाहणी केली. नववीच्या वर्गात फळ्यावर 'कालबाह्य' असा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. एक्केचाळीस मुलांपैकी सहा हात वर आले. त्यातल्या एकाने सांगितले, "सर, म्हणजे तास संपल्यावर वर्गाच्या बाहेर." समासाच्या दृष्टीने त्याला मी पूर्ण मार्क दिले. घरी येऊन आत्याला विचारले. ती म्हणाली, "मोडीत काढलेलं म्हण की." माझ्या चार कादंबऱ्यांत 'कालबाह्य' किती वेळा आला आहे ते मी मोजलेले नाही, आणि मोजण्याचे धैर्यही नाही.

त्याच्या गाजलेल्या जाहिराती यानंतरच्या. १९५१ साली मेन प्रांतातल्या हॅथवे या लहान शर्टवाल्या कंपनीसाठी त्याने एका रुबाबदार मिशीवाल्या गृहस्थाच्या एका डोळ्यावर काळी पट्टी बांधली. खर्चाला सगळे मिळून तीस हजार डॉलर. बड्या कंपन्यांपुढे ती चिल्लर. पण 'न्यूयॉर्कर'चे पान उलटणारा थबकला : याच्या डोळ्याला काय झाले? सगळी कथा वाचकाच्या डोक्यात, लेखकाने फक्त पट्टी दिली. कादंबरीकाराने हेवा करावा अशी ही काटकसर आहे. तो वॉटरव्हिलचा कारखाना २००२ साली बंद पडला, पट्टीची आठवण मात्र लोकांच्या मनात राहिली आहे. रोल्स-रॉइसची १९५८ ची जाहिरात याच्या उलट, शब्दांनी गच्च भरलेली. ताशी साठ मैलांच्या वेगात गाडीत मोठ्यात मोठा आवाज येतो तो घड्याळाचा, असा तिचा मथळा. ही कल्पना त्याची नव्हे. मोटारींच्या एका इंग्रजी मासिकातल्या तज्ज्ञाने लिहिलेले ते निरीक्षण. ऑगिल्वी तीन आठवडे गाडीविषयीचे कागद वाचत बसला आणि त्या ढिगातून त्याने ते उचलले. खाली सहाशेहून अधिक शब्दांचा मजकूर, नुसती माहिती, विशेषण जवळजवळ नाही. कारखान्याच्या मुख्य अभियंत्याने जाहिरात वाचून, त्या घड्याळाचे आता काहीतरी केले पाहिजे, असे खिन्नपणे म्हटल्याची गोष्ट ऑगिल्वीनेच सांगितली आहे. ती खरी नसली तरी छान आहे.

एका खासगी पत्रात तो लिहितो, की आपण लेखक वाईट आणि संपादक बरे. आपलाच खर्डा चार-पाच वेळा तासला म्हणजे गिऱ्हाइकापुढे ठेवण्याजोगा होतो. निबंधाच्या वह्या तपासणाऱ्याला हे वाक्य भिंतीवर लावावेसे वाटेल.

मग हा माणूस कुठे हरवतो? माझे उत्तर असे, की यश मिळाल्यावर तो पुढच्या दाराने जाऊ लागला. 'कन्फेशन्स'मध्येच नियमांच्या याद्या सुरू होतात : मथळा असा असावा, चित्र तसे असावे, अमुक शब्द वापरावेत, तमुक वापरू नयेत. गिऱ्हाइकाला मूर्ख समजू नका, ती तुमच्या घरच्या बायकोइतकीच शहाणी आहे, हा त्या पुस्तकातला सर्वांत गाजलेला विचार. विचार चांगलाच आहे. पण तो मांडताना स्वयंपाकीण दिसत नाही, सभागृह दिसते. साठीच्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडनच्या कंपन्या एक झाल्या, देशोदेशी शाखा निघाल्या, आणि १९७३ साली तो फ्रान्समधल्या तूफू नावाच्या किल्ल्यात राहायला गेला. तिथून तो जगभर इतकी पत्रे धाडी, की त्या खेड्याच्या पोस्टाचा दर्जा वाढून पोस्टमास्तरांना पगारवाढ मिळाली, असे सांगतात. पोस्टमास्तरांचे भले झाले. पण १९८३ चे पुस्तक वाचताना सारखे वाटते, की हे किल्ल्यातून आलेले पत्र आहे. पूर्वी जो दारात उभा राहून विचारीत असे, तो आता गवाक्षातून सांगतो आहे. १९८९ साली लंडनच्या डब्ल्यूपीपीने त्याच्या इच्छेविरुद्ध ती कंपनी शहाऐंशी कोटी चाळीस लाख डॉलरना विकत घेतली. आधी आदळआपट करून शेवटी त्याने त्याच मालकांचे मानाचे अध्यक्षपद स्वीकारले. १९९९ साली तो त्या किल्ल्यातच वारला.

ऐंशीच्या दशकात तो काही काळ आपल्याकडच्या शाखेचा अध्यक्षही होता. आणि इथे मला माझे स्वतःचे 'कन्फेशन' द्यावे लागते.

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका जाहिरात कंपनीतून मला फोन आला. कंपनीचे नाव सांगत नाही. मराठी कादंबरीकार कुणाला हवासा वाटला याचेच मला कौतुक वाटले होते. केसांच्या तेलाची जाहिरात, इंग्रजी मजकूर तयार, त्याचे मराठी करायचे. बारा ओळी. त्या बारा ओळींचे मला जे पैसे मिळाले ते माझ्या कादंबरीच्या वर्षभराच्या मानधनापेक्षा जास्त होते. मी अगदी जीव ओतून लिहिले. तेल चोपडणे, केस विंचरणे, वेणी घालताना आईने ओढलेले केस, असे सगळे त्यात आणले. दोन दिवसांनी उत्तर आले : छान आहे, पण मूळ मजकुराला धरून नाही. मग मी धरून लिहिले. 'आपल्या केसांना द्या निसर्गाचा कोमल स्पर्श.' क्रियापद पुढे, कर्म मागे, आणि मराठी कुठेच नाही. ते छापून आले. आत्याने चष्मा वर सारला आणि विचारले, "अरे, हे कोण बोलतंय रे?" मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात निघून गेलो.

ऑगिल्वीच्या देशोदेशीच्या फिरण्याला त्याचे भक्त मोठे भांडवल मानतात. मला ते अर्धेच पटते. तो जिथे जिथे गेला तिथे खालच्या पायरीवर उभा राहून लोकांचे ऐकत होता, तोवर त्या फिरण्याचे सोने झाले. पुढे फिरू लागले ते तयार मजकूर आणि नियम. एका देशात ऐकलेले दुसऱ्या देशात नुसते भाषांतरून पाठवले, की ऐकणे मागे राहते आणि आवाज तेवढा पुढे येतो. आपल्या रस्त्यांवरचे मराठी फलक पाहा. पुष्कळ ठिकाणी इंग्रजीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत, अशा दोन उड्या मारून आलेली वाक्ये दमून उभी असतात.

याला अपवाद त्याच्याच कंपनीत घडला, हे न सांगणे अन्यायाचे होईल. जयपूरचे पीयूष पांडे राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळले, कलकत्त्यात चहाची परीक्षा करण्याची नोकरी केली, आणि १९८२ साली ऑगिल्वीच्या मुंबई कचेरीत आले, तेही लेखक म्हणून नव्हे. जाहिरातीचे इंग्रजी साम्राज्य असलेल्या त्या काळात त्यांनी घरातली, बाजारातली, सुताराच्या दुकानातली हिंदी आणली. फेव्हिकॉलच्या जाहिराती आठवा. त्यांत बोलणारा माणूस कोण, हे आत्याला विचारावे लागत नाही. हेही मागच्या दारानेच आले. मराठीला असे भाग्य क्वचित लाभले आहे. अरुण कोलटकरांसारखा कवी मुंबईच्या जाहिरात कंपन्यांत वर्षानुवर्षे कलादिग्दर्शक होता, कमर्शियल आर्टिस्ट्स गिल्डची पारितोषिके त्याने सहा वेळा मिळवली. पण त्याच्याकडून धंद्याने चित्र घेतले. त्याचे मराठी धंद्याला नकोच असावे. ते त्याने जपून कवितेसाठी ठेवले. यात कुणाचा तोटा झाला ते मी सांगायला नको.

विद्यार्थ्याला मी पत्र लिहिले. (तो फोन करतो, मी पत्र लिहितो; तशी आमची वाटणी आहे.) ऑगिल्वीबद्दलचे माझे मत वर आहे तेच कळवले : चुलीची पुस्तिका वाच, 'कन्फेशन्स'चे पहिले प्रकरण वाच, आत्मचरित्र प्रवासात वाच, तिसरे पुस्तक चित्रांसाठी ठेव. त्याच्या खऱ्या प्रश्नावर मात्र लेखणी अडखळत होती. जा म्हणावे तर एक चांगला मराठी लिहिणारा पोरगा मीच घालवला असे होते. जाऊ नको म्हणावे तर त्याला इथे बारा ओळी धरून लिहायला बसवायचे. शेवटी मी त्याला सत्यजित राय यांची गोष्ट लिहिली. कलकत्त्याच्या डी. जे. किमर या इंग्रजी जाहिरात कंपनीत ते १९४३ साली ऐंशी रुपयांवर चित्रकार म्हणून लागले. १९५० साली कंपनीने त्यांना लंडनच्या कचेरीत काम शिकायला पाठवले. त्या काही महिन्यांत त्यांनी नव्याण्णव चित्रपट पाहिले आणि परतीच्या बोटीत 'पथेर पांचाली'चा आराखडा लिहायला घेतला. लंडनहून त्यांनी आणले ते बंगालमधल्या एका खेड्यातले घर. तेव्हा लांब जाऊन माणूस काय आणील याचा नेम नाही. जा, एवढेच शेवटी लिहिले. पण गेल्यावर तिथल्या घरांची मागची दारे शोध.

तो गेला. कपडे धुण्याच्या पावडरीचे काम त्याच्याकडे आले आहे. परवा त्याचा फोन होता. म्हणाला, "सर, इथे उंचच उंच इमारती. घराला दार एकच असतं, मागचं नसतंच. मागे स्वयंपाकघराची खिडकी, आणि खिडकीबाहेर बांबूवर वाळत घातलेले कपडे. रविवारी खाली बाकावर बसून तेच बघत असतो."